आईचा व्यवसाय



उन्हाळ्यात मी आपल्या धर्मग्रामाची कुटुंब-नोंदवही नव्याने लिहायला घेतली, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक आहे. त्या निमित्ताने तुमच्या ओट्यावर बसून चहा घेऊन गेलो आहे. वहीतले रकाने ठरलेले असतात : नाव, जन्म, स्नानसंस्कार, दृढीकरण, विवाह, शिक्षण, व्यवसाय. पुरुषांच्या नावापुढे शेती, मजुरी, ड्रायव्हर, शिक्षक, पवनचक्कीवर वॉचमन असे काही ना काही लिहिले गेले. काही बहिणी नर्स आहेत, अंगणवाडीत आहेत, रोजाने शेतावर जातात, त्यांचेही लिहिले. पण ज्या घरात लहान लेकरे आहेत आणि आई घर सांभाळते, तेथे एकच उत्तर मिळाले. "तिचं काय लिहायचं फादर, ती घरीच असते." पुष्कळ ठिकाणी हे उत्तर त्या बहिणीने स्वतःच दिले. मी निमूटपणे रेघ ओढली आणि पुढच्या घरी गेलो.

एका रात्री वही तपासताना त्या रेघा डोळ्यांत खुपू लागल्या. पानामागून पान रेघा. रेघेचा अर्थ 'काही नाही' असा होतो. मग त्याच पानावर खाली ज्या चिमुकल्यांची नावे लिहिली आहेत, त्यांना चालायला, बोलायला, हात जोडायला, ताटातले सगळे संपवायला कोणी शिकवले? वहीप्रमाणे कोणीच नाही!

येत्या २६ जुलैला पवित्र मरियेचे आईवडील संत अन्ना आणि संत योआकीम यांचा सण आहे. जुन्या ख्रिस्ती चित्रांत संत अन्ना बहुधा एकाच कामात दिसते. तिच्या मांडीवर किंवा शेजारी लहान मरिया आहे, समोर पुस्तक उघडे आहे आणि आई तिला वाचायला शिकवते आहे. शुभवर्तमानात हा प्रसंग नाही, संत अन्नाचे नावसुद्धा तेथे नाही; ते फार जुन्या परंपरेतून आपल्याकडे आले. पण प्रभूच्या मातेला तिच्या आईने घरी काही शिकवले असणार, हे चित्रकारांना कोणी सांगावे लागले नाही.

आता एका घराची गोष्ट सांगतो. त्या बहिणीला विचारून सांगतो आहे. नाव आणि गाव सांगणार नाही.

तिचा मुलगा चार वर्षांचा. मार्च महिन्यात ती त्याला नर्सरीच्या प्रवेशासाठी घेऊन गेली. बाईंनी भिंतीवरच्या तक्त्यावर बोट ठेवून इंग्रजीत विचारले, हे काय आहे? पोर गप्प. मग मराठीत विचारले. तो म्हणाला, "बकरी." बाई म्हणाल्या, "बकरी नाही, शेळी म्हणायचं, आणि इंग्लिशमध्ये गोट." त्यानंतर त्याने तोंड उघडले नाही. आईला सांगण्यात आले की याची काहीच तयारी नाही, घरी काही शिकवत नाही का?

पुढच्या रविवारी मिस्सानंतर ती त्याला माझ्याकडे घेऊन आली. दुसऱ्या गावची मिस्सा होती, मी घाईत होतो. मी त्याला म्हटले, "क्रूसाची खूण करून दाखव पाहू. नमो मरिया येते का?" त्याने आईच्या पदरात तोंड लपवले. आणि बंधू-भगिनींनो, माझ्या तोंडून शब्दाला शब्द तेच वाक्य बाहेर पडले. "घरी काही शिकवत नाही का?" ती काही बोलली नाही. मी मोटारसायकलला किक मारली.

महिन्याभराने वही घेऊन त्यांच्या घरी गेलो, तेव्हा घर विचित्र शांत वाटले. सासूबाई एका कोपऱ्यात, मुलगा दुसऱ्या कोपऱ्यात मोबाइल घेऊन. चहा देताना ती हळू आवाजात म्हणाली, "फादर, मी आईंना सांगितलंय, त्याच्याशी अहिराणीत बोलू नका, गोष्टी सांगू नका, त्याची भाषा बिघडते. मला इंग्रजी येत नाही. मोबाइलमधून तरी शिकेल." म्हणजे आजीची भाषा बंद, आईला हवी ती भाषा येत नाही, आणि लेकरू तीन माणसांच्या घरात एकटे. शाळेतल्या त्या एका वाक्याने आणि माझ्या त्याच वाक्याने त्या घरातले बोलणेच बंद पाडले होते.

मी मुलाला म्हटले, "मला तुझी बकरी दाखव." तो उठला, माझे बोट धरून मागच्या अंगणात घेऊन गेला आणि म्हणाला, "फादर, हाई बकरी गाभन शे." मग थांबेचना. कोणती बकरी मारकी, कोणती दूध चोरते, कोणाच्या पिलाचा पाय अधू आहे, कोणत्या झाडाचा पाला खाल्ला की पोट फुगते. तक्त्यावरची बकरी त्याला येत नव्हती. खरी बकरी मात्र त्याला माझ्यापेक्षा, आणि बहुधा बाईंपेक्षाही, जास्त येत होती. हे सगळे त्याला कोणी शिकवले? ज्यांच्या नावापुढे मी रेघ ओढणार होतो, त्या दोघींनी.

पुण्याला ज्ञानदीप विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकताना संत ऑगस्टीनचे 'कन्फेशन्स' आम्हाला वाचावे लागले. सुमारे सोळाशे वर्षांपूर्वीचे पुस्तक. त्यात संत महाशय आपल्या बालपणाविषयी एक फार प्रामाणिक गोष्ट सांगतात. लॅटिन ही घरची भाषा. ती ते दायींच्या लाडात, हसण्याखेळण्यात, कोणाची भीती नसताना शिकले. ग्रीक भाषा शाळेत शिकले, धाकदपटशाने आणि शिक्षेच्या भीतीने. आणि तिचा त्यांना मनापासून तिटकारा आला. पुढे ते एवढे मोठे पंडित झाले, बिशप झाले, पण ग्रीकमध्ये कच्चे राहिले ते राहिलेच. जिज्ञासा मुलाला जितके शिकवते, तितके भीती शिकवत नाही, हा त्यांचा स्वतःचा अनुभव. आणखी एक गोष्ट ते सांगतात. ख्रिस्ताचे नाव आपण आईच्या दुधाबरोबर प्यालो, म्हणून ज्या ग्रंथात ते नाव नव्हते, तो कितीही सुंदर असला तरी आपले मन त्यात पूर्ण रमले नाही. ती आई म्हणजे संत मोनिका. तिच्या अश्रूंविषयी आपण दरवर्षी २७ ऑगस्टला ऐकतो. त्या अश्रूंच्या आधी तिने लेकराशी केलेल्या गप्पांविषयी मात्र आपण कधी बोलत नाही.

(विटगेनस्टाइन नावाच्या तत्त्वज्ञाच्या १९५३ साली निघालेल्या पुस्तकाची सुरुवातच ऑगस्टीनच्या बालपणीच्या या आठवणींपासून होते. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की वस्तूवर बोट ठेवून नाव सांगितले म्हणजे भाषा आली असे नव्हे. शब्दाला अर्थ येतो तो वापरण्यातून, जगण्यातून. परीक्षेसाठी हे मी पाठ केले होते. कळले त्या बकरीच्या गोठ्यात.)

"पण फादर, मी कुठे शिकलेली आहे?" हा प्रश्न मला घरोघरी ऐकू येतो. सातवी झालेली, दहावी सुटलेली, कधी शाळेत न गेलेली बहीणही हेच म्हणते. त्यांच्यासाठी पंडिता रमाबाईंच्या आईची आठवण करून देतो. रमाबाई आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेच्या नव्हत्या. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा अँग्लिकन पंथात झाला. पण महाराष्ट्रातल्या प्रत्येक ख्रिस्ती माणसावर त्यांचे ऋण आहे. त्यांच्या आई लक्ष्मीबाई डोंगरे ब्राह्मण घरातल्या. कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत गावोगाव फिरणारे. मुलीला शिकवणे त्या काळी पाप समजत. रमाबाई आठ वर्षांच्या झाल्यावर आईने शिकवायला सुरुवात केली. दिवसभर घरचे काम, म्हणून वेळ काढला पहाटेचा. झोपेने जड झालेल्या लेकीला लाडीगोडीने उठवायचे, जवळ घ्यायचे आणि तोंडी पाठ द्यायचा. पुस्तक समोर नसेच. आईचे ओठ हेच पुस्तक. पंधरा वर्षांच्या होईपर्यंत रमाबाई आईकडे अशा शिकल्या. पुढे भीषण दुष्काळात आईवडील दोघेही गेले. १८८७ साली रमाबाईंनी अमेरिकेत आपले प्रसिद्ध इंग्रजी पुस्तक काढले, ते आईच्या स्मृतीला अर्पण केले. त्याच अमेरिकेतल्या मुक्कामात त्यांनी बालवाडीच्या, म्हणजे किंडरगार्टनच्या, शिक्षणपद्धतीचा अभ्यास केला आणि १८८९ साली मुंबईत शारदा सदन उघडल्यावर ती आपल्याकडे आणली. आयुष्याच्या शेवटी त्यांनी बायबल मूळ भाषांतून मराठीत आणले. लक्ष्मीबाईंनी ख्रिस्ताचे नाव कधी घेतले नाही. पण पहाटे लेकीला भाषेची जी गोडी लावली, ती शेवटी देवाच्या वचनाच्या कामी आली.

लक्ष्मीबाई स्वतः कशा शिकल्या? नवऱ्याने शिकवले म्हणून. लोकांचा विरोध पत्करून अनंतशास्त्र्यांनी बायकोला संस्कृत शिकवले. हा मुद्दा घरातल्या पुरुषांनी लक्षात ठेवावा. मी त्याकडे पुन्हा येणार आहे.

आपला प्रभू कोठे शिकला? नाझरेथच्या सभास्थानात शिकला असेल, योसेफाच्या हाताखाली शिकला असेल. पण त्याचे दाखले नीट ऐका. तीन मापे पिठात खमीर मिसळणारी बाई. हरवलेल्या एका नाण्यासाठी दिवा लावून सगळे घर झाडणारी बाई. जुन्या कपड्याला कोऱ्या कापडाचे ठिगळ लावू नये, ही समज. हे सगळे त्याने पाहिले कोठे? लहानपणी आईच्या मागे मागे फिरताना, ती पीठ भिजवत असताना, ठिगळ लावत असताना. मरियेने त्याला देवराज्याचे दाखले म्हणून काही शिकवले नसेल. ती आपले काम करीत होती, तो जवळ बसला होता आणि ती त्याच्याशी बोलत होती.

बोलत होती ती गालीलच्या बोलीत. त्या बोलीवर यरुशलेमचे लोक हसत असावेत. पेत्राची ओळख तर त्याच्या बोलण्यावरूनच पटली (मत्तय २६:७३). तरी याईराची बारा वर्षांची मुलगी मरून पडली होती तेव्हा प्रभूने तिचा हात धरून जे शब्द उच्चारले, ते घरच्या अरामी भाषेतले होते. संत मार्कने आपले शुभवर्तमान ग्रीकमध्ये लिहिले, पण ते दोन शब्द मात्र त्याने बदलले नाहीत, जसेच्या तसे ठेवले आणि अर्थ पुढे दिला (मार्क ५:४१). लेकराला उठवायचे तर त्याच्या घरच्या भाषेत. म्हणून माझी विनंती आहे की अहिराणी असो, कोकणी असो, मावची असो, भिली असो, पोराशी आपल्या भाषेत मोकळेपणी बोला. आपल्या खानदेशच्या बहिणाबाई चौधरींना अक्षर येत नव्हते. शेतात, जात्यावर त्या आपल्या बोलीत गात राहिल्या, आणि त्यांचा मुलगा सोपानदेव मराठीतला कवी झाला. आईची बोली लेकराची भाषा बिघडवते, असे निदान खानदेशात तरी कोणी म्हणू नये.

इंग्रजी नको असे मी म्हणत नाही. मी तत्त्वज्ञान इंग्रजीतून शिकलो (आणि पहिल्या वर्षी निम्मे कळले नाही, हे आज कबूल करतो). मुलांनी इंग्रजी शिकावे, चांगले शिकावे. पण ज्याची एक भाषा पक्की, त्याला दुसरी लवकर येते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तेथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे असे म्हटले आहे. आणि मेंदूची पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक वाढ सहा वर्षांच्या आत होते, असे तेच धोरण सांगते. ती सहा वर्षे तुमच्या स्वयंपाकघरात जातात, शाळेत नव्हे.

मग करायचे काय? वेगळा तास लावू नका, पाटी घेऊन पोराच्या मागे लागू नका. अनुवादाच्या पुस्तकात इस्राएलच्या आईबापांना देवाने जे वेळापत्रक दिले, ते घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना मुलांशी बोलत राहण्याचे आहे (अनुवाद ६:७). दादर निवडायला बसलात तर पोराला जवळ बसवा. खडे तो वेचील, तुम्ही मोजा. कांदे चाळीत भरताना लहान-मोठे वेगळे करू द्या. भाकरी मोडताना अर्धी, पाव, बाबांना किती, ताईला किती, हे बोला. पुढे पाचवीत अपूर्णांक आले की तो घाबरणार नाही. धुतलेले कपडे घडी करताना कोणाचे कोणते ते त्याला ओळखू द्या. वाटेत कान नदीचा पूल लागला की आज पाणी किती आहे, कालच्यापेक्षा जास्त की कमी, विचारा. आणि त्याने विचारले तर उत्तर द्या. येत नसेल तर "मला माहीत नाही, आपण बाबांना विचारू" म्हणा. आईला सगळे येत नाही, हे कळल्याने कोणत्याच लेकराचे काही बिघडत नाही.

प्रार्थनेचेही असेच. आधी पाठांतर नको. दिवा लावताना, जेवायला बसताना, निजताना तुम्ही क्रूसाची खूण करा. तो पाहील आणि एक दिवस उलट्या हाताने का होईना, करील. हसू नका, रागावू नका. शास्त्रातली गोष्ट आपल्या शब्दांत सांगा. हरवलेल्या मेंढराऐवजी हरवलेली बकरी झाली तरी प्रभू रागावणार नाही. ते पाप मी माझ्यावर घेतो.

मोबाइलविषयी एकच. पोर गप्प बसते म्हणून तो हातात दिला जातो, हे मला कळते. चुलीवर दूध आणि कडेवर धाकटे असताना दुसरा उपायही सुचत नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे की वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा मुळीच नको, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसात तासाभरापेक्षा जास्त नको. मोबाइल शब्द ऐकवतो, पण पोराने उलट विचारले तर त्याला उत्तर देत नाही.

ज्या बहिणींना घरी राहणे परवडत नाही, त्यांनी हे वाचून मन खट्टू करू नये. आपल्यापैकी कितीतरी कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातकडे जातात, पोर पाचटाच्या ढिगाजवळ निजते. त्या आईकडे वेळ नाही. पण पाठीवर पोर घेऊन चालताना तिचे तोंड मोकळे असते. आणि तिच्या पोरासाठी गावात अंगणवाडी आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालवाडीचे जे काम उभे केले, त्यात महागडी साधने नव्हती. शिंपले, बिया, पाने, खडे होते. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा या बाया बालवाडीच त्यांच्या अंगणात घेऊन गेल्या. शासनाच्या शाळांनीही २०२२ पासून 'पहिले पाऊल' उपक्रमात मातांचे गट केले आहेत, घरी काय खेळ घ्यावेत याची पत्रके दिली जातात. आपल्या गावात असा गट असेल तर लाजू नका, जा.

आता पुरुषांकडे येतो. स्नानसंस्काराच्या विधीत शेवटी आईसाठी वेगळा आणि बापासाठी वेगळा आशीर्वाद असतो. बाळ रडत असते, फोटोवाला पुढे आलेला असतो, म्हणून तो कोणी ऐकत नाही. पुढच्या वेळी ऐका. आई आणि बाप मिळून या लेकराचे श्रद्धेतले पहिले शिक्षक होतील, हे शब्द बापासाठीच्या प्रार्थनेत आहेत. तेव्हा "पोराला काही येत नाही, तू दिवसभर घरी करतेस काय?" असे बायकोला विचारणाऱ्या माझ्या बंधूंनो, हा प्रश्न त्या दिवशी वेदीसमोर तुम्हालाही लागू झाला आहे. तुम्हाला शिकवता येत नसेल तर संध्याकाळी अर्धा तास धाकट्याला घ्या, पाणी भरा, म्हणजे तिला थोरल्याजवळ बसता येईल. आणि सासूबाईंनो, सून पोराशी बोलत बसली तर ती रिकामी बसली आहे असे समजू नका. तीमथ्याची श्रद्धा आधी त्याची आजी लोईस आणि मग आई युनीके हिच्यात होती, असे संत पौल लिहितो (२ तीमथ्य १:५). आजीचे नाव पहिले आहे.

त्या घरी मी पुन्हा गेलो होतो. बहिणीची आणि तिच्या सासूबाईंची मी क्षमा मागितली. बकरी व्याली आहे, दोन पिले. मुलगा अजून माझ्यासमोर नमो मरिया म्हणत नाही; आजीसमोर म्हणतो, असे आजी सांगतात. प्रवेशाचे पुढच्या वर्षी पाहू.

वहीतल्या रेघा मी खोडल्या आहेत, पण त्या जागी काय लिहावे ते अजून ठरलेले नाही. 'गृहिणी' लिहिले तर घर तेवढे येते, लेकरे येत नाहीत. कोणाला चांगला शब्द सुचला तर मला सांगावा.

संत अन्नाच्या सणाच्या आठवड्यात, रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात लिंबाखाली माता आणि आज्या जमतील. प्रत्येकीने शास्त्रातली किंवा घरातली एक गोष्ट आपल्या बोलीत सांगायची आहे. मुलांना पुढे बसवायचे. चहा पुरुष मंडळी करतील आणि तान्ह्यांनाही तेच सांभाळतील; महिला मंडळाने त्या दिवशी चुलीकडे फिरकू नये. पाऊस असला तर धर्मशिक्षणाच्या खोलीत बसू.

प्रभूमध्ये तुमचा,
धर्मगुरू